सात माणसं, चार लाख आणि जुनी गाडी

गाडी घ्यायचं ठरलं की आमच्याकडे आधी माणसं मोजतात. आई-वडील, नवरा-बायको, दोन पोरं आणि तुळजापूरला निघायचं म्हटलं की आदल्या रात्रीच पिशवी भरून हजर झालेली आत्या. झाली सात. मग सामान. माहूर किंवा बासरला एका दिवसात जाऊन यायचं असेल तर डबा, पाण्याचा कॅन आणि ओटीची पिशवी एवढ्यावर भागतं. पण पोरीला लातूरला क्लाससाठी सोडायचं असलं तर पेटी, गादी, बादली, पुस्तकांचा गठ्ठा आणि महिनाभराचा फराळ. मुदखेडच्या ज्या घरांत फुलशेती आहे तिथे पहाटे नांदेडच्या बाजारात जाणारे फुलांचे क्रेटही याच गाडीत बसले पाहिजेत, अशी म्हाताऱ्याची अट असते. आणि हे सगळं चार लाखांत. साडेचार म्हणजे डोक्यावरून पाणी.

चार लाखांत नवी सात सीटर येत नाही, म्हणून प्रश्न जुन्या गाडीचा. मुदखेड, नांदेड, भोकर, उमरी या टापूत राहणाऱ्या, वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर फिरणाऱ्या आणि गाडीवर पोट नसलेल्या कुटुंबाने काय बघावं आणि काय सोडून द्यावं, एवढ्यापुरताच हा आढावा. माझं मत आधीच सांगून टाकतो. या किमतीत मॉडेलपेक्षा आधीचा मालक निवडणं महत्त्वाचं. लोक उलटं करतात. आधी 'घ्यायची तर अमुकच' असं ठरवतात आणि मग त्या नावाची जी मिळेल ती, कुणीही कशीही पळवलेली, घेऊन येतात.

बाहेरच्या जगात या गरजेला जुनं उत्तर आहे, इस्टेट कार. मोटारीचं छप्पर सरळ मागच्या टोकापर्यंत नेलेलं, डिक्की आणि बैठक एकाच खोलीत, बसायला मोटारीइतकी खाली आणि सामानाला टेम्पोइतकी नाही तरी बरीच मोकळी. आपल्याकडे हा प्रयोग पुण्यात झाला. टाटांच्या टेल्कोने १९९१मध्ये सिएरा आणली आणि १९९२मध्ये थेट 'इस्टेट' याच नावाची गाडी. पाठोपाठ १९९४मध्ये सुमो आली. टेल्को ज्यांनी उभी केली त्या सुमंत मुळगावकरांच्या नावा-आडनावातली अक्षरं घेऊन तिचं बारसं झालेलं. सुमोने गावंच्या गावं वाहून नेली. इस्टेट मात्र दहा वर्षंही टिकली नाही. पुढे मारुतीने बलेनोची अल्तुरा काढली, स्कोडाने ऑक्टाव्हियाची कॉम्बी, टाटांनीच पुन्हा २००४मध्ये इंडिगो मरिना. एकही चालली नाही. गिऱ्हाइकाचा हिशेब साधा होता. सेडानपेक्षा जास्त पैसे मोजायचे तर गाडी उंच तरी हवी किंवा दोन माणसं जास्त तरी बसली पाहिजेत. इस्टेटमध्ये यातलं काहीच नव्हतं.

उरलीसुरली वाट कराने बंद केली. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या आणि लहान इंजिनाच्या (पेट्रोल १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत) मोटारींचा अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्के झाला. तेव्हापासून आपल्या मोटारींचं ढुंगण कापलं गेलं. इंडिगोचीच २००८मध्ये आखूड केलेली सीएस निघाली. लांब डिक्कीची गाडी काढणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशातून जास्तीचा कर काढणं, असं गणित झालं आणि चार मीटरची ही रेघ पुढे जीएसटीतही तशीच राहिली. आज कुणी इंडिगो मरिना लाखाच्या आत देतो म्हणाला तर हात जोडावेत. या सगळ्या गाड्यांनी नोंदणीची १५ वर्षं ओलांडली आहेत. म्हणजे आरटीओत पुन्हा पासिंग, हजारोंचं नोंदणी नूतनीकरण शुल्क, वर पर्यावरण कर, आणि एवढं करून मागचा दिवा फुटला तर तो शोधायला भंगार बाजार पालथा घालायचा.

तेव्हा आपली इस्टेट कोणती? माझ्या मते मारुती अर्टिगा. एप्रिल २०१२मध्ये ती आली तेव्हा तिला जीपच्या रांगेत बसवलं गेलं, पण ती जीप नाही. स्विफ्टच्याच पायावर लांब करून बांधलेली, खाली बसणारी, मोटारीसारखी चालणारी गाडी आहे ती. चढायला म्हाताऱ्या माणसाला पाय उंच टाकावा लागत नाही. मधली सीट पुढे-मागे सरकते, तिसरी ओळ आडवी होते. मागच्यांसाठी वेगळा एसीचा झोत आहे, आणि आमच्या मे महिन्यात ही चैनीची बाब राहत नाही. मर्यादाही स्पष्ट आहे. सातही सीटा भरल्या की पहिल्या पिढीच्या अर्टिगात डिक्की १३५ लिटर उरते, म्हणजे दोन पिशव्या आणि चपला. नोव्हेंबर २०१८मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीत ती २०९ लिटर झाली, पण ती गाडी धड अवस्थेत चार लाखांत मिळणं अवघड. त्यामुळे आपला मुक्काम २०१२ ते २०१६च्या गाड्यांत. तिसऱ्या ओळीत मोठ्या माणसाने लातूरपर्यंत बसू नये. पोरं बसतील, आणि भांडतील. सात माणसं आणि सात माणसांचं सामान या दोन्ही गोष्टी अर्टिगात एकाच वेळी होत नाहीत. वर कॅरिअर टाकणं हा त्यावरचा इलाज.

पहिल्या पिढीत दोन इंजिनं आहेत, १.४ लिटरचं पेट्रोल आणि फियाटकडून आलेलं १.३ लिटरचं डिझेल, तेच जे स्विफ्टमध्ये, डिझायरमध्ये आणि टाटांच्या कितीतरी गाड्यांत बसलं. त्या डिझेलचा फिटर प्रत्येक तालुक्यात सापडतो. मग पेट्रोल की डिझेल? कागदावर मांडून बघू. वर्षाला ८,००० किलोमीटर, पेट्रोल अर्टिगा प्रत्यक्षात १४चं ॲव्हरेज देते असं धरू, डिझेल १८चं. पेट्रोल १०५ रुपये, डिझेल ९२ धरलं तर पेट्रोलचा वर्षाचा खर्च साधारण ६०,००० आणि डिझेलचा ४१,००० होतो. फरक १९,००० रुपयांचा. दिसायला मोठा आहे. पण सव्वा-दीड लाख किलोमीटर झालेल्या डिझेलचे इंजेक्टर आणि टर्बो एका वर्षात निघाले तर दोन-तीन वर्षांची बचत एका दुपारी वर्कशॉपला देऊन यावं लागतं. शिवाय जुनी डिझेल गाडी जास्त पळालेलीच असते, कारण जास्त पळवायची म्हणूनच कुणीतरी ती डिझेल घेतली होती. माझा कौल असा: वर्षाला आठ हजारांच्या आत फिरणं असेल तर पेट्रोल, रोज मुदखेड-नांदेड ये-जा आणि महिन्यातून एकदा लातूर असेल तर डिझेल. मधल्यांनी जी गाडी जास्त नीट ठेवलेली दिसेल ती घ्यावी.

सीएनजी अर्टिगाही बाजारात आहेत. त्यात डिक्कीची जागा टाकी खाते, म्हणजे ज्या कामासाठी गाडी घेतली तेच अर्धं गेलं. घ्यायचीच असेल तर कंपनीतून बसवून आलेलं किट घ्या, आरसी बुकावर सीएनजीची नोंद आहे ना बघा आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट कधी झाली ते तिच्यावरच्या पट्टीवर वाचा. टेस्ट न झालेल्या टाकीवर पोरांना बसवू नये.

बोलेरोचं नाव न घेता आमच्याकडे गाडीची चर्चा पुरी होत नाही. शेतातल्या आखाड्यावर राहणारा माणूस, पावसाळ्यात पांदण रस्ता, काळी माती चाकाला थापून बसलेली. तिथे अर्टिगा पोटावर घासेल आणि बोलेरो निघून जाईल. मागे पाटे, चाकं मागून ओढणारी, दुरुस्ती झाडाखाली होते. सप्टेंबर २०१६पासून चार मीटरच्या आत बसवलेली, दीड लिटर इंजिनाची पॉवर प्लस मिळते. पण कुटुंबाची गाडी म्हणून तिच्याकडे बघताना दोन गोष्टी डोळ्यांआड होतात. मागची दोन माणसं आडव्या बाकड्यांवर, समोरासमोर गुडघे लावून बसतात. तिथे धड बेल्ट नाही आणि मागून ट्रकने ठोकलं तर मधे काहीच नाही. दुसरं म्हणजे मागे एसीचा झोत नाही. त्यातही बोलेरोची जुनी किंमत पडत नाही. ज्या पैशांत अर्टिगा आठ-दहा वर्षांची येते त्यात बोलेरो जास्त म्हातारी आणि जास्त राबलेली येते. ठेकेदाराकडे, भाड्यावर किंवा शेतात ट्रॉली ओढत तिचं आयुष्य गेलेलं असतं. गावात घर आणि डांबरी रस्ता असणाऱ्याने केवळ रुबाबासाठी बोलेरो घेऊ नये. आखाड्यावरच्याने दुसरं काही बघू नये.

ईको स्वस्त आहे, साधी आहे, दार सरकतं आणि फुलांचे क्रेट चढवायला तिच्यासारखी दुसरी नाही. पण जुन्या ईकोत सात सीटा हव्यात तर एसी नाही आणि एसी हवा तर सीटा पाच. २०१६मध्ये ग्लोबल एनकॅपने तिला धडकवून पाहिलं तेव्हा शून्य तारे मिळाले. नांदेडच्या मोंढ्यापर्यंत ठीक, पण राष्ट्रीय महामार्ग ३६१वर लोहा-अहमदपूरवरून लातूरला सात जण घेऊन जायला मी तिला हात लावणार नाही.

ट्रायबरचा विचार मात्र जरूर करावा. ऑगस्ट २०१९मध्ये आलेली, चार मीटरच्या आतली, तिसरी ओळ उचलून घरी ठेवता येते. सात सीटांसह डिक्की ८४ लिटर, त्या काढल्या की ६२५. म्हणजे पाच माणसांची इस्टेटच. २०२१च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत तिला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार तारे आहेत. इंजिन एक लिटरचं, तीन सिलिंडरचं. सात जण आणि एसी चालू असताना माहूरच्या घाटात ते धापा टाकतं, ओव्हरटेक करताना आधी नवस बोलावा लागतो. तिच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ताजी आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून लहान मोटारींवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे नवी ट्रायबर एक्स-शोरूम सहा लाखांच्या आत आली. अर्टिगासारख्या चार मीटरपेक्षा लांब गाड्यांवर मात्र ४० टक्के आहे. म्हणजे घासाघीस करताना ट्रायबरच्या विक्रेत्याला नव्या गाडीचा भाव ऐकवता येतो, अर्टिगावाल्याला तेवढा नाही.

ज्यांची कंपनीच देश सोडून गेली त्या गाड्या स्वस्त मिळतात. शेव्हरोलेने २०१७च्या अखेरीस भारतात विक्री थांबवली, तिच्या टवेरा आणि एन्जॉय अजून रस्त्यावर दिसतात. २०१३मध्ये जनरल मोटर्सला प्रदूषणाच्या निकषांवरून १ लाख १४ हजार टवेरा परत बोलवाव्या लागल्या होत्या. टवेरा वडापवाल्यांनी पुरेपूर वापरली आहे, कुटुंबाने आता तिच्या वाटेला जाऊ नये. डॅटसननेही २०२२मध्ये गाशा गुंडाळला, तिची गो प्लस ही सात सीटर केवळ म्हणायला. होंडाची मोबिलिओ आणि रेनोची लॉजी यांचं तसं नाही. मॉडेल बंद झालं, कंपन्या आहेत. लॉजीत डस्टरचंच दीड लिटर डिझेल आहे, जागा अर्टिगापेक्षा ऐसपैस, आणि कुणी विचारत नाही म्हणून भाव कमी. फक्त तिचा टायमिंग बेल्ट वेळेवर बदलल्याचं बिल मागा. तो तुटला की इंजिन उघडावं लागतं. डस्टर हाताळणारा फिटर ओळखीचा असेल त्याने लॉजी बघायला हरकत नाही, बाकीच्यांनी उगाच शहाणपण करू नये. नाशिकला बनलेली महिंद्राची झायलो ही अशीच उपेक्षित गाडी. दिसायला ओबडधोबड, रस्त्यावर डुलणारी, पण तिसऱ्या ओळीत मोठं माणूस खरोखर बसतं आणि महिंद्राचे सुटे भाग कुठेही मिळतात. भाड्यावर न चाललेली झायलो सापडली तर मला ती जुन्या स्कॉर्पिओपेक्षा बरी वाटते. इनोव्हाबद्दल एवढंच, की तिचं नाव मोठं आहे आणि चार लाखांत बहुधा फक्त नावच मिळतं.

आता गाडी येते कुठून ते बघू. नांदेडच्या खरेदी-विक्रीवाल्यांकडे एमएच-२६बरोबर एमएच-१२ आणि एमएच-१४ या पुणे-पिंपरीच्या पाट्या भरपूर असतात. पुण्याची गाडी वाईट नसते, तिथे सर्व्हिसच्या नोंदी नीट मिळतात. मात्र ती कंपनीच्या कर्मचाऱ्यांची ने-आण करत होती का हे बघा. पिवळ्या पाटीची पांढरी करून आलेली गाडी आरसीच्या जुन्या नोंदीत पकडता येते. कोकणातली एमएच-०७, ०८ असेल तर खालून गंज बघितल्याशिवाय बोलू नका. आपल्या कोरड्या हवेत नांदेड-लातूरची गाडी खालून टणक राहते, हा मराठवाड्याच्या गाडीचा एक न सांगितला जाणारा गुण आहे. आपला अवगुण वेगळा. गाडी धान्याच्या शेजारी, शेडमध्ये उभी राहते आणि उंदीर वायरी कुरतडतात. बॉनेट उघडून वायरिंगवर काळी टेप जागोजागी गुंडाळलेली दिसली की समजून जा.

दिल्लीकडची डिझेल गाडी स्वस्त सांगितली जाते, कारण तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेलवर राष्ट्रीय हरित लवादाने आणि २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंधनं घातली. इकडे आणून महाराष्ट्राचा कर भरा, नवा नंबर घ्या, त्यात स्वस्ताई संपते. धर्माबाद-बिलोलीच्या सीमेवरून तेलंगणाच्या गाड्या येतात, त्यांचंही तेच. परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथे नोंदणी सक्तीची. मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचं प्रशिक्षण महाविद्यालय आहे, तिथे देशभरातून बदलून आलेली माणसं असतात. बदलीच्या नोकरीतल्या माणसाची गाडी सहसा नीट ठेवलेली असते, पण पाटी बीएच मालिकेची असेल तर तिचा कर दोन-दोन वर्षांचा भरलेला असतो. तुम्ही त्या मालिकेला पात्र नसाल तर राज्याचा कर तुमच्या माथी येईल. हे पैसे भाव ठरवतानाच वजा करा.

माळेगावच्या यात्रेत बैल घेणारा माणूस आधी दात बघतो, मग चालवून बघतो आणि शेवटी भाव काढतो. गाडीचे दात म्हणजे तारखा. प्रत्येक टायरवर चार आकडी शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. गाडी चाळीस हजार किलोमीटर चाललेली सांगतात आणि चारही टायर बदललेले, तर आकड्यावर संशय घ्या. सीटबेल्टच्या मुळाशी शिवलेल्या पट्टीवर बनवल्याचं साल असतं, काचांच्या कोपऱ्यात खूण असते. पुढची एकटी काच नवी असेल तर दगड लागला असेल. एका बाजूच्या दोन काचा आणि एक बेल्ट नवा असेल तर ती बाजू कुठेतरी ठोकली आहे. बॉनेटच्या आणि दारांच्या बिजागऱ्यांवरचे बोल्ट बघा. पाना लागला की त्यावरचा रंग फुटतो आणि डेंटर तो लपवू शकत नाही. क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंग चकाकलेलं, ड्रायव्हर सीटचा फोम बसलेला आणि मीटरवर मात्र ४८,०००. मग मीटर मागे फिरवलेलं आहे. मारुतीची असेल तर अधिकृत वर्कशॉपमध्ये सर्व्हिसच्या वेळची किलोमीटरची नोंद असते. मालकालाच बरोबर घेऊन जा आणि ती मागा.

पाण्यात गेलेली गाडी ओळखायला आता आपल्यालाही शिकावं लागणार. २०२५च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात आणि सप्टेंबरमध्ये अख्ख्या मराठवाड्यात पाणी घरांत शिरलं, तसंच ते गाड्यांतही शिरलं. अशा गाड्या धुऊन-पुसून, अत्तर मारून बाजारात येतात. बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. नेहमी आत गुंडाळलेल्या वीतभर पट्ट्यावर मातीची रेघ सापडते. स्टेपनीच्या खळग्यात, जॅकच्या कप्प्यात आणि सीटच्या रुळांवर गंज किंवा वाळलेला गाळ बघा. बाकी धुतात, हे धुवायचं राहून जातं.

आणि इंजिन थंड असताना बघा. हा संवाद नांदेडच्या कुठल्याही गॅरेजवर ऐकू येईल:

"चाचा, इंजिन तर एकदम गप चालतंय."

"गप चालतंय कारण गरम करून आणलंय. उद्या सकाळी सातला ये, आन तवर चालू करू नको म्हनावं त्याला."

सकाळी बॉनेटला हात लावून ते गार आहे ना हे बघायचं. चावी फिरवल्यावर निळा धूर आला तर तेल जळतंय. काळा धूर रेस केल्यावर आला तर डिझेलच्या पंप-इंजेक्टरकडे बघावं. इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण उघडायचं. आतून वाफेचे फुत्कार येत असतील तर बोअर-पिस्टनचं काम जवळ आलंय. मग ट्रायल, आणि ट्रायलला एकट्याने जायचं नाही. सातही माणसं बसवा, एसी चालू करा, गतिरोधकांवरून न्या, चढावर दुसऱ्या गिअरला थांबून पुन्हा उचला. रिकामी गाडी कुणाचीही छान चालते. आत्याला तिसऱ्या ओळीत बसवून अर्धा तास फिरवलं की मॉडेलचा वाद घरातच मिटतो. मिस्त्रीला त्याच्या वेळेचे पाचशे-हजार द्या आणि तो विक्रेत्याचा ओळखीचा नको.

वयाबद्दल एक नियम मी पाळायला सांगेन. २०१९नंतरच्या गाडीत एबीएस आणि किमान ड्रायव्हरची एअरबॅग कायद्यानेच आली आहे. त्याआधीच्या गाडीत मॉडेलच्या नावापुढची अक्षरं बघून, वरचं व्हेरिएंट घेऊनच ती मिळते. जुन्या अर्टिगात अलॉय चाकांपेक्षा आणि टचस्क्रीनपेक्षा या दोन गोष्टींना दहा-वीस हजार जास्त द्यावेत.

आता कागद, आणि इथे आमच्याकडचा माणूस सगळ्यात ढिला. सह्या केलेला टीटी फॉर्म, म्हणजे हस्तांतरणाचा अर्ज, कपाटात ठेवायचा आणि गाडी तीन-तीन हातांतून फिरवायची ही सवय महागात पडते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५०प्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतरण कळवायचं असतं, फॉर्म २९ आणि ३० त्यासाठीच. २०१८मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की गाडी प्रत्यक्षात कितीही हातांनी विकली गेली असली तरी नोंदणीवर ज्याचं नाव तोच अपघाताच्या भरपाईला मालक. म्हणजे नाव न बदलण्याचा धोका विकणाऱ्याच्या डोक्यावर जास्त. विक्रेता नावावर करून द्यायला टाळाटाळ करत असेल तर हे त्याला ऐकवा, लगेच हलतो. १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यालाही आरटीओची अधिकृतता घेऊन, मालकाकडून गाडी ताब्यात आल्याचं फॉर्म २९सीने कळवावं लागतं. असा कागद दाखवू न शकणारा कन्सल्टंट म्हणजे निव्वळ मध्यस्थ, त्याच्या 'गॅरंटी'ला काही अर्थ नाही.

कर्ज असलेल्या गाडीवर बँकेचा बोजा असतो. बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. नंबर टाकून एमपरिवहनवर मालक कितवा, विमा कधीपर्यंत, नोंदणी कधी संपते हे दिसतं. ई-चलनं वेगळी बघा, ती काही वेळा हजारोंत निघतात. एप्रिल २०१९च्या आधीच्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा नंबर पाटी सक्तीची आहे आणि ती नसेल तर आरटीओत हस्तांतरणाचं काम अडतं. ती विक्रेत्याकडून बसवून घ्या. विम्याची मागची पॉलिसी मागा. तिच्यावर नो क्लेम बोनस शून्य असेल आणि मालक 'एक ओरखडा नाही' म्हणत असेल तर दोघांपैकी एक खोटं बोलतंय, आणि कागद सहसा खोटं बोलत नाही. तो बोनस माणसाचा असतो, गाडीबरोबर तुमच्याकडे येत नाही. म्हणून पहिल्या वर्षीचा विमा थोडा महाग पडेल.

चार लाख हातात असतील तर गाडी साडेतीनची बघा. उरलेल्या पन्नासात नाव चढवणं, विमा, टायर किंवा बॅटरी आणि पहिली मोठी सर्व्हिस बसते. पूर्ण चार गाडीवर घालून सर्व्हिसला उसने मागणारी माणसं गावोगाव आहेत. जुन्या गाडीचं कर्ज नव्यापेक्षा महाग असतं, तेव्हा घासाघीस व्याजावरही करा.

एवढं झाल्यावर माझा कौल: डांबरी रस्त्यावर घर असलेल्याने २०१३ ते २०१६ची, एकाच मालकाने वापरलेली पेट्रोल अर्टिगा. ती नाही मिळाली तर खाजगी झायलो, आखाड्यावाल्याने बोलेरो. आणि सात माणसं खरोखर वर्षातून चार-सहा वेळाच निघत असतील तर हे सगळं सोडून नीट पाच सीटर घ्या आणि त्या दिवसांपुरती भाड्याची क्रूझर ठरवा, ती स्वस्त पडेल. काहीही घेतलं तरी व्यवहारातले शेवटचे पंचवीस हजार हातात राखून ठेवा आणि तुमचं नाव छापलेलं आरसी हातात आल्यावरच द्या.